न लिहिलेली अट

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात राजनंदिनी तीन वर्षं सॉफ्टवेअरचं काम बघत होती. गेल्या दिवाळीनंतर कारखान्याने एआय एजंट आणला. परमिट, गेटपास, दुरुस्तीच्या तक्रारी असं सगळं तोच हाताळणार होता. पण त्याच्या हाती दिलेल्या टूल्सपैकी, म्हणजे एकेक काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपैकी, कोणतं टूल कशासाठी आणि केव्हा वापरायचं, हे त्याला कळायला प्रत्येक टूलचं वर्णन कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. ते काम तिच्याकडे आलं. टूल्स एकतीस आणि हाताशी दिवस चार.

“एकेक ओळ टाक,” तिचे साहेब इंद्रजीत म्हणाले. “हुशार आहे तो. बाकीचं समजून घेईल.”

सतराव्या टूलपुढे तिने लिहिलं, ‘चालू परमिटची मुदत वाढवतं’, आणि ती अठराव्याकडे वळली.

मार्चमधल्या एका मंगळवारी सॉल्व्हंटच्या टाकीची सफाई जेवणाच्या सुट्टीपर्यंत अर्धीच झाली होती. टाकीत उतरायचं परमिट दोन वाजता संपत होतं. ठेकेदाराच्या सुपरवायझरने मोबाइलवरून मेसेज टाकला, काम बाकी आहे, दोन तास वाढवून द्या. एजंटने लगेच वाढवून दिले. जिव्या नावाचा कंत्राटी कामगार पुन्हा शिडीने आत उतरला. टाकीतली हवा सकाळी मोजली होती तेव्हा ठीक होती. पण नंतर तळाचा गाळ ढवळला गेला आणि सुट्टीच्या वेळात आत वाफ साचली. पाचच मिनिटांत वरच्या माणसाच्या हाकेला ओ येईना. कमरेला दोर होता म्हणून त्याला ओढून बाहेर काढता आलं. ओठ निळे पडले होते.

संध्याकाळी राजनंदिनीने नोंदी उघडल्या. एजंटने कारण लिहून ठेवलं होतं: परमिट चालू आहे, मागणी अधिकृत माणसाची आहे, मुदत वाढवण्याच्या टूलला कोणतीही अट दिलेली नाही. तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं.

ती उठून स्टोअरमध्ये गेली. तिथले झुंबरकाका आधी अकरा वर्षं परमिटच्या टेबलावर बसायचे. एजंट आल्यावर त्यांना इकडे पाठवलं होतं.

“काका, मुदत वाढवताना तुम्ही काय बघायचात?”

“गॅस. सुट्टी झाली की पुन्हा मोजायचा. त्याबिगर मी पेनाचं टोपण काढत नव्हतो.”

“हे लिहिलेलं कुठे आहे?”

“लिहायचं कशाला, पोरी? सगळ्यांना माहीतच असतं की.”

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतनी तिला केबिनमध्ये बोलावलं. “अपघाताच्या अहवालात घाल, एजंटचा निर्णय चुकला.”

“सर, मी लिहून दिलं तसंच त्याने केलं.”

“तुझं नाव आलं तर माझंही येईल. आणि माणूस वाचलाय ना? कशाला अंगावर ओढवून घेतेस?”

ती उठून आपल्या टेबलाशी आली. त्या दिवशी अहवाल तिने लिहिला नाही.

गुरुवारी ती इस्पितळात गेली. जिव्या शुद्धीवर होता, पण मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने त्याच्या उजव्या हातात पाण्याचा पेला ठरत नव्हता. त्याची बायको बुधी पेला धरून उभी होती.

“तुमी कंपनीच्या?” बुधीने विचारलं.

“हो.” रिक्षात घोकलेली वाक्यं तिला आठवेनात. “ताई, टाकीत उतरायची परवानगी एका मशीनने दिली. त्याने आधी काय तपासायचं ते मी लिहून द्यायचं होतं. मी अर्धवट लिहिलं.”

बुधीने पेला खाली ठेवला. “त्या मशीनला वास नाय येत?”

“नाही.”

“मंग त्याला तितं बसवलं कशाला?”

जिव्याने राजनंदिनीकडे मान वळवली. “बाय, टाकी झाली का साफ?” त्याने विचारलं, आणि बुधी तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली.

शुक्रवारी सरकारी तपासनीस आले. राजनंदिनीने स्वतःच्या सहीचा जबाब दिला: वर्णन माझं होतं, ते अपुरं होतं, माझ्याकडून चार दिवसांत लिहून घेतलं आणि कुणीही तपासलं नाही. इंद्रजीत त्यानंतर तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत.

तपासनिसांनी एजंट बंद ठेवायला लावला. त्या काळात ती झुंबरकाकांना घेऊन बसली. प्रत्येक टूल केव्हा वापरायचं नाही, आधी काय हातात असायला हवं, शंका आली तर कुणाला विचारायचं, हे त्यांच्या तोंडून काढून तिने लिहिलं. आणखी नऊ टूल्सना अशाच अटी निघाल्या, ज्या फक्त माणसांच्या डोक्यात होत्या. दोन टूल्सबद्दल काकांनाही खात्री नव्हती. ती तिने एजंटकडून काढून घेतली. मे महिन्यात तिची बदली हजेरीच्या सॉफ्टवेअरवर झाली. एजंट पुन्हा सुरू करताना काढलेली दोन टूल्स त्याला परत दिली गेली का, हे तिला कुणी सांगितलं नाही.

जूनमध्ये ती बोईसरजवळच्या उमरोळीला जिव्याच्या भाड्याच्या खोलीवर गेली. दाराला कुलूप होतं. शेजारीण हंसाने सांगितलं, “ती दोघं गेली डोंगरावर, गावाला. त्याचा हात नाय धरत अजून. औंदा भाताची लावणी बुधी एकलीच करंल.”

“फोन आहे त्यांच्याकडे?”

“हाय, पण तितं रेंज नाय.”

राजनंदिनीने गावाचं नाव विचारून घेतलं, आणि तिकडे जाणारी एसटी किती वाजता असते तेही.