डिझेलचा फवारा

हट्टा गावच्या किसनरावांची ट्रॅक्टर धुवायची रीत ठरलेली: फवारणीच्या पंपात डिझेल भरायचं, पंप पाठीवर घ्यायचा आणि इंजिनवर फवारा सोडायचा. उद्या दसरा. त्यांचा मुलगा हरीश वसमतहून पूजेचं सामान घेऊन आला, कार दारात लावतो न लावतो तोच वडील पंप चढवून हजर! ट्रॅक्टरसारखीच आता कारही धुवायची, बॉनेटसुद्धा उघडून झालं. माणसाला दम म्हणून न्हाई.

स्वयंपाकघराच्या दारात सून पुनम उभी होती. तिच्या वडलांचं वारंगा फाट्यावर गॅरेज. तापल्या इंजिनवर डिझेल उडवलं की काय होतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. पण सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं न्हाई. लग्न होऊन आली तेव्हापासून जे काही सांगायचं ते सासूच्या तोंडून.

"आत्याबाई, मामांना म्हणावं, इंजिन लई तापलंय, गार होऊ द्या. मग बॅटरीची वायर काढून ओल्या फडक्यानं पुसू. डिझेल बिलकुल नको, भडका व्हईल."

सासू चतुराबाई ओट्यावरूनच ओरडल्या, "अवं, पुनम म्हणून राहिली, इंजिन गार होऊ द्या!" भडक्याचं राहूनच गेलं. कामाच्या गडबडीत एवढं लांबलचक कोण ध्यानात ठेवतं!

"तिला म्हणावं, पुरणाकडं बघ," किसनराव म्हणाले आणि त्यांनी पंपाचं बटन दाबलं.

भप्पकन जाळ झाला. पार त्यांच्या तोंडापर्यंत आला. किसनराव जागीच थिजले. पाठीवर डिझेलनं भरलेला पंप, हातात नळी, फवारा चालूच.

"मामा, मागं सरा!"

हा आवाज त्या घरात कुणी ऐकलाच नव्हता. पुनम धावली, सदरा धरून तिनं सासऱ्याला मागं ओढलं, बटन बंद केलं, खांद्यावरचे पट्टे हिसकून पंप लांब भिरकावला. हरीश पाण्याची बादली घेऊन पळत आला.

"पाणी नका टाकू! रेती टाका, रेती!"

अंगणात बांधकामासाठी टाकलेल्या ढिगातली रेती दोघांनी टोपल्यानं ओतली. जाळ विझला. नुसता काळा धूर उरला.

पुनमच्या डोक्यावर पदर नव्हता. किसनरावांच्या भुवया जळाल्या होत्या. आता हे सुनेवर उखडणार म्हणून चतुराबाईंनी डोळेच मिटून घेतले.

किसनराव मात्र पुनमकडं बघत राहिले. असं समोरासमोर ते पहिल्यांदाच बघत होते.

"तुला ठाऊक व्हतं, असा भडका व्हईल म्हणून?"

"व्हय."

"अगं, मग मलाच काहून न्हाई सांगितलं? मेलो असतो की मी!"

पुनमला रडू फुटलं.

"तुमच्याशी बोलायचं न्हाई असं सांगितलंय मला," ती म्हणाली. "तुमीच."