शेजारची वाटी

गॅलरीतल्या वेलीला त्या रविवारी सकाळी एकशे एकेचाळीस पानं होती. त्यांतली नऊ पिवळी पडलेली, चार किडीनं खाल्लेली, आणि शेंड्याकडची अकरा इतकी कोवळी की त्यांना पान म्हणावं की नाही, हाच प्रश्न. म्हणजे खुडण्याजोगी एकशे सतरा. पुतणीनं आकडा मोठ्यानं सांगितला तेव्हा काका कठड्याला टेकून उभे होते, हातात कात्री.

"आधी माझी सात," काका म्हणाले. "मग तुझ्या प्रयोगशाळेनं काय न्यायचं ते न्यावं."

"प्रयोगशाळेला तीस लागतात, काका."

"का? मधुमेह तिला झालाय का?"

आतून काकूचा आवाज आला, "त्या वेलीलाही विचारा एकदा. दोघं मिळून बोडकी करून टाकाल तिला!"

काका घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं दुकान एवढं अरुंद, की खुर्चीत बसून पाय पसरले तर समोरच्या फळीला टेकत. मधुमेह होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू होत्या आणि त्या घेताना ते दर वेळी असं तोंड करत की जणू कुणी त्यांच्यावर खोटा आळ घेतलाय. वेलीची फांदी त्यांना एका गिऱ्हाइकानं दिली होती. "पानं कडू आहेत, पण साखर उतरवतात," असं सांगून. काकांनी ती कुंडीत खोचली, आणि वेल वर्षभरात गॅलरीभर झाली.

पुतणी शिक्षण संपवून वनस्पतींतल्या औषधी घटकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत लागली आणि काका-काकूंकडे राहायला आली. लहानपणापासून प्रत्येक गोष्टीवर प्रश्न विचारायची म्हणून काका तिला शंकासूर म्हणत. घरात फुकट मिळणारं पान तपासून पाहायला काय हरकत आहे, म्हणून एक दिवस तिनं मूठभर पानं डब्यात घालून नेली.

प्रयोग साधा होता. नळीत साखरेची जोडगोळी घ्यायची, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन रेणूंची साखर. त्यात आतड्यात असतं तसं एन्झाइम घालायचं. ते जोडी फोडून साधी साखर, म्हणजे ग्लुकोज, मोकळी करतं, आणि रक्तात चढते ती हीच. शेवटी एक द्रव ओतायचा, की गुलाबी रंग येतो. साखर जितकी जास्त, रंग तितका गडद. पानांचा अर्क घातलेल्या नळ्यांत रंग आलाच नाही म्हटलं तरी चालेल. अर्थ उघड होता: पानांनी एन्झाइमला काम करू दिलं नाही. मधुमेहावरची काही औषधं नेमकं हेच करतात.

तिनं हे त्या रात्री जेवताना सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं, दोन प्रश्न विचारले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्यांची डबी कपाटाच्या वरच्या खणात टाकली.

"काका, नळीत झालं ते पोटात होईलच असं नाही हो," ती म्हणाली.

"वेल घरची, संशोधक घरची, आणि मी गोळ्या खाऊ बाहेरच्या? बरं, मोजू. मोजलेलं तरी मानशील ना?"

पण बोट टोचून घ्यायला काका तयार नव्हते. "माझं पोट या बोटांच्या टोकांवर चालतं. एका टोकाला भोक पडलं की केसाएवढा स्क्रू हातातून गेलाच म्हणून समज." शेवटी लघवीत बुडवायच्या पट्ट्या आणायचं ठरलं. साखर असेल तर पट्टी तपकिरी होते, नसेल तर फिकी राहते. काका रोज सकाळी कोमट पाण्यात सात पानं चुरून ते पाणी पीत, मग पट्टी बघत. पट्टी फिकी. दुसऱ्या दिवशी फिकी. महिना झाला, दोन महिने झाले, फिकीच. पुतणीनं वाद घालायचं सोडून दिलं. खरं तर आतून तिला गुदगुल्याच होत होत्या.

त्या रविवारी पानं खुडून झाल्यावर काका जेवणाच्या टेबलापाशी एक छोटं घड्याळ उघडून बसले. डोळ्याला भिंग लावलं, काढलं. चष्मा लावला, काढला. घड्याळ नाकापाशी नेलं.

"हा चष्मा नवाच ना?" पुतणीनं विचारलं.

"दोन महिन्यांतला तिसरा. नंबर बदलतोय म्हणतो. चष्मेवाल्याला घर बांधायचं असेल."

"आणि पाणी बघ किती पितात ते," काकू म्हणाली. "रात्री चारदा उठतात. घोरणं मध्येमध्ये थांबतं, तेवढाच काय तो फायदा."

"पानं उष्ण पडतात," काका म्हणाले आणि बाटली तोंडाला लावली.

पुतणी त्यांच्याकडे बघत राहिली. तहान, रात्रीचं उठणं, डोळे. या तिन्ही गोष्टी एकत्र कशाकडे बोट दाखवतात, ते तिला पुस्तकातून पाठ होतं. पण पट्टी फिकी होती. आणि पट्टी काही बोलून दाखवलेलं मत नव्हे, मोजमाप होतं.

सोमवारी ती पानं घेऊन कामावर गेली. शेजारच्या खोलीत पेशीताई बसे. ती कॅन्सरच्या पेशी वाढवायची, म्हणून सगळे तिला पेशीताई म्हणत, इतकं की तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच निघे. पुतणीनं तिलाही थोडा अर्क देऊन ठेवला होता.

"ये, ये. तुझ्या पानांनी माझ्या कॅन्सरच्या पेशी मारल्या," पेशीताई बशीतून डोकं न काढता म्हणाली. "शंभरातल्या ऐंशी."

"काय सांगतेस!"

"हुरळू नकोस. शेजारची वाटी बघ." तिनं दुसरी बशी पुढे सरकवली. "या धडधाकट पेशी. याही मेल्या. अठ्ठ्याहत्तर. म्हणजे तुझं पान औषध आहे की विष, एवढंच काय ते ठरायचंय. परवा माझ्या हातून साबणाचं पाणी सांडलं, त्यानंही मेल्या. मग काय, साबण प्यायला सांगायचा का लोकांना?"

"म्हणजे काहीच उपयोग नाही?"

"असं कुठं म्हटलं? रक्ताच्या कॅन्सरवरचं एक नावाजलेलं औषध साध्या फुलझाडातून निघालंय, तेही मधुमेहाचं औषध शोधता शोधता. झाडांवर विश्वास नसता तर मी इथं कशाला डोळे फोडत बसले असते? पण तुलनेला शेजारी वाटी ठेवल्याशिवाय मी कुणाचं काही ऐकत नाही, झाडाचंही नाही. काका कसे आहेत?"

"पट्टी स्वच्छ येतेय."

"आणि रक्त?"

"बोट टोचू देत नाहीत."

"हं. तुझ्या प्रयोगातली शेजारची वाटी कुठली गं?"

"आहेत ना. नुसतं पाणी घेतलंय, नुसता अर्क घेतलाय, पानांचा स्वतःचा रंग वजा केलाय." हे म्हणताना पुतणीचा आवाज जरा चढला. दहा दिवसांनी प्रयोगशाळेच्या मॅडम तिला हेच निकाल घेऊन परिषदेला पाठवणार होत्या, आणि तक्ता छापायला जायचा होता.

"बरं बाई," म्हणून पेशीताई पुन्हा बशीत शिरली.

पुढच्या रविवारी दुपारी काकूनं सफरचंदं कापली. कुणी येणार होतं, आलं नाही. संध्याकाळी पुतणी स्वयंपाकघरात गेली तर ओट्यावर दोन वाट्या होत्या. एकीतल्या फोडी गंजल्यासारख्या तपकिरी, दुसरीतल्या नुकत्या कापल्यासारख्या पांढऱ्या.

"या आत्ता कापल्यास?"

"नाही गं, सगळी एकदमच कापली. लिंबू संपलं होतं. तुझ्या काकांचं सकाळचं पानांचं पाणी उरलेलं, ओतायचंच होतं मोरीत, म्हटलं लिंबाऐवजी हे टाकून बघू. एकाच वाटीला पुरलं. धुऊन खा, नाहीतर तोंड वाकडं होईल."

पुतणीनं फोड उचलली, पण तोंडात घातली नाही.

सफरचंदाला हवा लागते, आतले घटक बदलतात आणि रंग चढतो. पानांच्या पाण्यानं तो रंग चढू दिला नव्हता. सफरचंद तेच होतं, कापलं एकाच वेळी होतं, फक्त रंग आला नव्हता. आणि तिच्या नळीतला गुलाबी रंग? तोही असाच चढायचा, साखरेपासून दोन टप्पे पार करून. पानांनी साखर अडवली, की नुसता रंगच खाऊन टाकला? नुसत्या पाण्याची नळी तिनं घेतली होती, नुसत्या अर्काचीही. पण मोजून घेतलेली शुद्ध साखर आणि वर अर्क, ही नळी तिनं कधी घेतलीच नव्हती. पुढचा विचार आला तेव्हा तिनं फोड वाटीत परत ठेवली. काकांची पट्टीसुद्धा त्याच रसायनावर चालते. पानांतलं जे रंग खातं, ते लघवीतून बाहेर पडतच असणार.

"काका!" तिनं हाक मारली. "जरा इकडे या. पट्ट्या घेऊन या."

"आत्ता? मला आत्ता लागलेली नाही."

"तुमची नकोय. तुम्ही या फक्त."

काका आले. तिनं दोन वाट्यांत पाणी घेतलं. काकांनी मदत म्हणून साखरेचा डबा पुढे केला.

"ही नाही चालत. ही जोडीची साखर, पट्टीला ओळखू येत नाही. ग्लुकोज हवं."

ग्लुकोजचं पाकीट घरात होतंच. साखर एकदम उतरली तर लागेल म्हणून सहा वर्षांपूर्वी आणलेलं, अजून न फोडलेलं. तिनं दोन्ही वाट्यांत एकेक चमचा सपाट भरून घातला. मग दोन पानं चुरून त्यांचं पाणी एका वाटीत टाकलं. काकांनी आपला बारीक चिमटा काढला. "तू नको बुडवूस, बारीक काम माझं. मी बुडवतो. किती वेळ?"

"अर्धा मिनिट."

मनगटावरच्या घड्याळाकडे बघत काकांनी पहिली पट्टी बुडवून बाहेर काढली, मग दुसरी. दोन्ही बशीत ठेवल्या. पहिली बघता बघता तपकिरी झाली. दुसरी फिकी राहिली. रोज सकाळी असायची तशी.

काकूनं हळूच गॅस बंद केला.

"दोन्हीत साखर सारखीच?" काकांनी विचारलं.

"सारखीच. तुमच्यासमोर घातली."

"म्हणजे काटा अडकलाय. वेळ चालूच आहे." त्यांनी चिमटा पुसून खिशात ठेवला. "किती झाली असेल माझी?"

"ते रक्तातच कळेल. काका, मी वाटी ठेवायला हवी होती शेजारी. मी ठेवली नाही."

"मग आता ठेवलीस की. तुझा तो तक्ता?"

"तो नाही जाणार आता."

काकांनी मान हलवली. मग डावा हात पुढे केला आणि सगळी बोटं मिटून एकच उघडी ठेवली. "ही करंगळी घे. तेवढीच काय ती बिनकामाची आहे."

"रक्त तपासतात तिथं बोटातून नाही घेत, काका. हाताच्या शिरेतून घेतात, कोपरापाशी."

"बोटाला हातही लावत नाहीत?"

"नाही."

"मग हे दोन महिन्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं, शंकासूर?"

"तुम्ही विचारलं नाहीत," काकू मध्येच म्हणाली, "आणि तिनं सांगितलं नाही. दोघंही पट्टीवर खूष." तिनं वरच्या खणातली डबी काढून टेबलावर आपटली. "उद्या उपाशीपोटी जायचं. मी येणार बरोबर."

सोमवारी उपाशीपोटी साखर दोनशे एक्क्याण्णव आली. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी दहा पूर्णांक चार; ती सातच्या आसपास हवी. डॉक्टरांनी काकांना जे सुनावलं ते काकूनं घरी येऊन पुतणीला दोनदा ऐकवलं, दुसऱ्यांदा हातवाऱ्यांसकट. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, एक वाढली. पानांचं पाणी बंद.

त्याच दुपारी पुतणीनं नळ्या लावल्या. शुद्ध साखर, मोजून शंभर भाग. त्यात अर्क टाकल्यावर यंत्रानं दाखवली तेवीस. तिनं तीनदा करून पाहिलं आणि कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमनी कागद वाचला, परिषदेला नाव मागे घेतल्याचं कळवलं, आणि सफरचंदाची हकीकत पहिल्यापासून सांगायला लावली. शेवटी एवढंच विचारलं, "कडू लागलं का?"

"धुऊन खाल्लं."

"आता रंगावर न चालणाऱ्या पद्धतीनं सगळं पुन्हा मोज. घाई नाही."

पेशीताईनं तिला रिकाम्या नळ्यांचं एक अख्खं खोकं आणून दिलं. "शेजारच्या वाट्या," ती म्हणाली. "लागतील."

काकांना हळूहळू स्क्रू दिसू लागले. नवे तिन्ही चष्मे खणात गेले आणि जुना, टेपनं चिकटवलेला चष्मा पुन्हा नाकावर आला. "आता चष्मेवाल्याच्या घराचं काय होणार?" म्हणून ते हळहळले. वेलीवरचा हक्क त्यांनी सोडला, पण पानं मोजली जाताना कात्री घेऊन उभं राहायची सवय सुटली नाही.

तीन महिन्यांनी एकाच आठवड्यात दोन्ही निकाल हाती आले. नव्या पद्धतीनं, प्रत्येक नळीशेजारी नळी ठेवून, पानांच्या अर्कानं एन्झाइमचं काम सहा टक्के कमी झालं. मोजण्यात होऊ शकणारी चूकच चार टक्के. काकांची तीन महिन्यांची सरासरी: सात पूर्णांक दोन.