घोंगडीखालचा उजेड

कसबा बावड्यात उसाच्या फडालगतच्या खोपीपुढे एवढी गर्दी लोटली होती, की मला सायकल बांधावरच टाकावी लागली. खोपीला आतून गोणपाट लावून भरदुपारी काळोख केला होता. आत उजेडबाबा गर्जत होते, "तेल न्हाय, वात न्हाय, बॅटरी न्हाय! मेलेल्याचा जीव हाय ह्यो!" त्यांच्या तळहातावरचा खडा हिरवट चमके आणि बाया हंबरडा फोडत. मेल्यावर माणूस हिरवा का होतो, हे मात्र कुणी विचारत नव्हते.

मी निसार, शाहूपुरीतला घड्याळजी. तो हिरवा रंग मी पाहताच ओळखला. चार महिन्यांपूर्वी बाबांचा चेला जोतीराम माझ्याकडून अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या रंगाची जुनी बाटली घेऊन गेला होता. बैलगाडीवर नाव रंगवायचे म्हणाला, आणि मी मूर्खाने दिली.

माझे उस्ताद मीरासाब जन्मभर घड्याळाच्या काट्यांना तोच रंग लावत. कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करायची त्यांची सवय. शेवटी त्यांचा जबडा सडला. भुतांवर माझा विश्वास नाही. पण अजून दुकानात एकटा असलो, की ते पाठीमागे उभे आहेत असे वाटते, आणि मी वळून बघतो.

गर्दीतून आमच्या गल्लीतल्या चिमणाबाई आल्या. त्यांचा मुलगा सयाजी विहिरीत बुडून वर्षही झाले नव्हते. पदरात बाबांनी दिलेला तसाच खडा होता.

"निसारभाई, माझा सयाजी गावला की! ह्यो तांब्यात बुडवून पाणी बनाला पाजायचं. भाऊ राखण करतोय तिची."

बना त्यांची धाकटी, पाच वर्षांची.

"पाजलंसा?"

"दोन दिस झालं."

"वैनी, ते पाणी फेका! इख हाय त्यात."

"माझं लेकरू इख व्हय?" त्या कडाडल्या आणि चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेलो. हातात भिंग आणि रेडियमच्या काट्यांचे एक जुने गजराचे घड्याळ होते. "सयाजीला जवळनं तरी बघा," म्हणालो. याला त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. खडा आणि भिंग घेऊन त्या जाड घोंगडीखाली शिरल्या. मी उंबऱ्यावर बसलो. अंधाराला डोळे सरावायला पाव तास गेला.

"चांदण्या हायत," आतून आवाज आला. "बारीक बारीक. लागत्यात नि इझत्यात. उकळी फुटल्यागत." मग आवाज बदलला. "सयाजी, जेवलास का रं?"

कसायासारखे वाटत होते, तरी मी घड्याळ घोंगडीखाली सरकवले. "आता ह्येचा काटा बघा."

घोंगडी हलली, भिंग घड्याळाच्या काचेवर टेकल्याचा आवाज आला.

"हितं बी हायत," त्या हळूच म्हणाल्या. "घड्याळ कुणाचं?"

"माझं. सयाजी जन्मायच्या आधीचं."

मग मी सांगितले. रेडियमचा अणू आपोआप फुटतो आणि एक कण बाहेर फेकतो. रंगातल्या भुकटीवर तो आदळला, की ठिणगी उडते. भुकटी झिजली की उजेड मंदावतो. बाबा त्याला जीव रुसला म्हणतात आणि रंगाचा नवा हात मारून देतात. पण रेडियम आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही पुरून उरतो. त्या कणाला साधा कागदही अडवतो. पण पाण्यातून पोटात गेलेला रेडियम हाडात जाऊन बसला, की त्याच्या कणांना अडवायला तिथे कागद नसतो.

चिमणाबाई बाहेर आल्या. केस विस्कटले होते.

"मग मी बोलले कुणाशी?"

एवढ्यात बना धावत आली आणि तिने तांब्या उचलला. "आई, दादाचं पाणी पिऊ?"

"ठेव!" चिमणाबाईंनी झडप घालून तांब्या हिसकावला. "दादा न्हाय त्यात. दादा कुटंच न्हाय."

आणि मग त्या पोरीला पोटाशी धरून, इतके महिने न रडलेले रडल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही घड्याळ घेऊन खोपीकडे गेलो. लोक ओळीने भिंगातून बघू लागले, तोवर बाबा आणि जोतीराम फडातून पसार झाले होते. डॉक्टरांनी बनाला तपासले. "आता काही दिसत नाही. वाट बघायची," एवढेच म्हणाले. आम्ही अजून वाट बघतो आहोत.

दुःखात बुडालेल्याला 'विचार कर' म्हणणे मलाही निष्ठुर वाटते. पण लोकहो, चमत्काराला हात जोडायचे तर जोडा. लेकराच्या तोंडी घोट लावण्याआधी मात्र एकदा विचारा, हे आहे तरी काय?