नळीवाली टॉर्च

"उलटी धर जरा," कमालचाचा म्हणाले.

हार्डवेअरच्या दुकानातल्या श्रद्धाने हातातली, नळ्या जोडायची गॅसची टॉर्च पेटती असतानाच उलटी केली. बटण दाबताच पेटणारी, बाटलीसकट मुठीत मावणारी देखणी लाल टॉर्च. उलटी होताच तिची निळी ज्योत पिवळी पडली आणि फुत्कारली. श्रद्धाने दचकून ती बंद केली.

"ही नको. आपला जोड पायपाच्या पोटाखाली हाय. खालनं ज्योत दाखवायला वाकवली की ही भडकणार."

निशिगंधा बाजूला उभी राहून घड्याळ बघत होती. ती प्रसूतिगृहातली मोठी सिस्टर. गच्चीवरच्या सोलरची तांब्याची नळी जोडावर चिरली होती आणि तीन दिवस बाळंतिणींना गरम पाणी नव्हतं. गॅसवर पातेली तापवून मावश्यांचे हात भरून आले होते. दोन प्लंबर "अख्खं पॅनेलच बदला" म्हणून निघून गेले. मग कुणीतरी मिरकरवाड्याच्या कमालचाचांचं नाव सांगितलं. चाळीस वर्षं, आधी कुवेतच्या गोदीत आणि मग इथल्या लाँचींवर, त्यांनी नळ्याच जोडल्या होत्या. पण दोन वर्षांपूर्वी हाताला कंप सुटला, तेव्हा आपली टॉर्च त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली होती.

आत्ताही त्यांची बोटं काउंटरच्या काचेवर टकटक वाजत होती. आपण चूक तर करत नाही ना, असं निशिगंधाला वाटू लागलं.

"ती दाखव. नळीवाली."

श्रद्धाने फळीवरून एक साधी टॉर्च काढली. लांब रबरी नळी आणि टोकाला पितळेची बारीक तोटी.

"चाचा, हिला बटण नाही," निशिगंधा म्हणाली.

"खाऱ्या हवेत बटण दोन महिन्यांत मरतं गो बाय. लायटर कशाला हाय? आणि बघ, बाटली राहते जमिनीवर. हातात एवढीच." त्यांनी तोटी तळव्यावर तोलली. "जड काय धरलं की माझा हात जास्त नाचतो."

आज ऊन कडक आहे, हे सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

गच्चीवर वारा होता. निशिगंधा पत्र्याचा तुकडा आडवा धरून बसली. चाचांनी नळीतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढलं, तांबं घासून लख्ख केलं, जोडात वितळवून भरायची धातूची बारीक रॉड जवळ ठेवली, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि टॉर्च पेटवली. हात थांबला नाही. ज्योत थरथरतच जोडाखाली फिरू लागली. निशिगंधाने श्वास रोखला.

"घाबरू नको. ज्योत एका जागी ठेवायचीच नसते. लोकांना मुद्दाम फिरवावी लागते, माझी आपसूक फिरते." ते हसले. "आणि आग रॉडला दाखवायची नाय. तांब्याला दाखवायची. ते तयार झालं की आपणच पितं."

तांबं काळवंडलं, मग आतून लालसर उजळलं. चाचांनी रॉड नुसती टेकवली. तिचं टोक वितळलं, पण थेंब खाली पडला नाही. तो वर चढला. एक चकचकीत रेघ जोडाच्या कडेने धावत गेली आणि पुरा वळसा घालून स्वतःलाच येऊन मिळाली. पहिल्या श्वासाबरोबर निळी बाळं गुलाबी होताना निशिगंधाने शेकडो वेळा पाहिली होती. तसाच काटा आत्ता तिच्या अंगावर आला.

"वर कसं गेलं, चाचा?"

"कुणास ठाऊक! चाळीस वर्षं बघतोय. अजून बघतच राहतो."

जोड निवल्यावर पाणी सोडलं. चाचांनी बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं होतं.

निशिगंधा खाली जाऊन चहा घेऊन आली, चाचांचा कप काठोकाठ भरलेला, आपला अर्धाच. चाचांनी हात पुढे केला, बोटं कपाशी पोचली आणि त्यांनी हात मागे घेतला.

"निवू दे जरा," ते म्हणाले आणि समुद्राकडे बघू लागले.

निशिगंधाने त्यांचा अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला आणि त्यांचा कप त्यांच्या जवळ, कठड्यावर ठेवला. बऱ्याच वेळाने चाचांनी तो दोन्ही हातांनी उचलला. ती तोवर त्यांच्याकडे पाठ करून वाळत घातलेली दुपटी मोजत होती.