कारंज्याचा चौक

क्रूझच्या गाइडबरोबर फिरायला मी साफ नकार दिला. माझ्या बाबांनी जहाजाच्या इंजिनात उभा जन्म काढलेला, या बंदरात कितीदा येऊन गेलेले. त्यांच्यापुढे ती झेंडेवाली बाई काय दिवे लावणार! लहानपणी जेवताना बाबा आम्हाला हे शहर सांगायचे. गोऱ्यांनी बांधलेली कस्टमची कचेरी, तिच्यामागे उतरती गल्ली, मग कारंज्याचा चौक. आईला तर तो तोंडपाठ होता. आता गुडघ्यांनी तिला घरी बसवलेलं, म्हणून चौकात पोचलो की व्हिडिओ कॉल करायचा असं ठरलं होतं.

कचेरी जहाजावरूनच दिसत होती. तिथून बाबा डावीकडे वळले, मग उजवीकडे, आणि आम्ही पुन्हा कचेरीपुढेच. ऊन मी म्हणत होतं. जहाज सुटायची वेळ होत आली, तसं माझंही डोकं तापलं.

"अहो बाबा, कुठाय तुमची गल्ली? का गिळली कुणी?"

ते कचेरीच्या पायरीवर बसले. "मी इथं कधी उतरलोच नाही गं."

"म्हणजे?"

"जहाज धक्क्याला लागलं की इंजिन थांबतं. तेवढ्यातच ते उघडून साफ करायचं, दुरुस्त करायचं. वरचे सगळे शहरात जायचे, आम्ही खाली. आचारी भाजी आणायला जायचा, तो येऊन सांगायचा. तेच मी तुम्हाला सांगायचो."

तेवढ्यात फोन वाजला. आईच! तिला कुठला दम निघतोय.

"तुम्ही बोलू नका, मी बघते," मी कुजबुजले आणि कॅमेरा समोरच्या पाण्याच्या हौदाकडे धरला. "हे बघ आई, कारंजं!"

"अय्या, हेच का हो ते?"

बाबांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला. "नाही. ते कुठं आहे मला माहीत नाही. मी ते कधी पाहिलंच नाही."

मला रडूच फुटायला आलं.

मग आई हळूच म्हणाली, "मग इतकी वर्षं तिथं खाली काय करत होतात?"

बाबांनी घसा खाकरला. खालची धग, सोलवटलेले हात, आवाजानं बधिर झालेले कान, वाफेनं भाजलेला सोबती, सगळं ते सांगत गेले. मी शेजारी बसून ऐकत होते. यातलं एक अक्षरही आम्ही त्यांना कधी विचारलं नव्हतं.