रानजाई भिंतीपलीकडे फुलते

वेल हलली, तशी बयनाबाईनं हातातला ओला बारदाना तसाच धरून ठेवला.

वारा नव्हता. शेजारच्या शेवग्याचं पानसुद्धा निजल्यासारखं होतं. फक्त रानजाईच भिंतीच्या माथ्यापासून बुडापर्यंत थरथरली, थांबली, पुन्हा थरथरली.

"काय करून राह्यली वं?" ओट्यावर पऱ्हाटीला औषध मारायच्या पंपाचं नोझल साफ करत बसलेल्या उद्धवरावांनी विचारलं.

"हळू बोला ना. पोरगी फुलं तोडून राह्यली पलीकडं."

"मांजर असंल."

"मांजर थांबून थांबून वढते काय? तुमचं आपलं काहीबी."

उद्धवराव हसले नाहीत. भिंत त्यांनी आणि धाकट्या भावानं, रविकांतनं मिळूनच बांधली होती. मिस्त्रीला विटा दोघांनी दिल्या, एकमेकांकडे न बघता. त्याला वर्ष होत आलं.

बयनाबाईनं बारदाना वेलीच्या बुडाशी गुंडाळला, वर कौलाचे तुकडे रचले. या वेलीचं सगळं उलटं. डोकं उन्हात हवं आणि पाय गारव्यात. मुळाला ऊन लागलं की वरची पानं मान टाकतात. उन्हाळ्यात काटक्या होऊन बसते, मेली म्हणून कोणीही उपटून टाकावी अशी. पाऊस पडला की त्याच काटक्यांना डोळे फुटतात, आणि भादव्यात चांदणं सांडल्यासारखी पांढरी फुलं येतात. तलमडुगूकडच्या डोंगरातून, माहेराहून येताना तिनं हिचं मूळ ओल्या फडक्यात बांधून आणलं होतं. मयूरी तेव्हा नुकती पाऊल टाकायला लागली होती. कडेवर पोर आणि हातात तांब्या, असं करत वेल वाढली, पोरही वाढली. पाणी घालताना बयनाबाई म्हणायची,

रानजाई बाई वं, पाय तुहे सावलीले
डोईवर ऊन घे नं फूल दे माह्या बाहुलीले

भिंत आली, तशी सावली बयनाबाईकडे राहिली आणि ऊन पलीकडे गेलं. वेल उन्हामागं गेली. पानांच्या देठांनी विटांच्या खाचा धरत ती वर चढली आणि पलीकडे उतरली. आता खत, पाणी, बुडाची माती इकडे, आणि फुलं सगळी तिकडे. बयनाबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. फुलं मयूरीच्याच अंगणात होती.

मयूरी रविकांत आणि शीतलची. बयनाबाईची कूस उजवलीच नाही. मयूरी झाली आणि शीतलच्या छातीत दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, लेकरू जवळ घेऊ नका. शीतल माहेरी पांढरकवड्याला औषधपाण्याला राहिली, आणि पोर बयनाबाईच्या पोटाशी निजली. शीतल बरी होऊन आली, तेव्हा मयूरी तिला बघून बयनाबाईच्या पदरामागं लपली. तरी शीतल हसली होती. "होईल सवय, ताई," म्हणाली होती. सवय होईना. दिवसभर शीतलच्या अवतीभवती खेळायची, रात्री मात्र उशी उचलून बयनाबाईकडे.

मग शाळेचा पहिला दिवस आला. सरहद्दीवरचं गाव, शाळा तेलुगू. तेलुगू बाईंनी पोरीला समोर उभं करून विचारलं, "मी अम्मा पेरु एंटि?" आईचं नाव काय. शीतल मागंच उभी होती, केसांत गजरा घालून, ठेवणीतलं लुगडं नेसून. पोरीनं खणखणीत सांगितलं, "बयना."

बाया हसल्या. कोणी वाईट हसलं नव्हतं. शीतलनं पोरीचा हात धरला, घरी आणली आणि चूल न पेटवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या आठवड्यात रविकांत भावाला म्हणाला, "दादा, आंगन वाटून घेऊ."

उद्धवराव म्हणाले, "घेऊ."

 बयनाबाईला कळत होतं. दुखणं सोसून उठलेल्या बाईच्या पदरात तिचं स्वतःचं पोरही पडू नये, हे कोणत्या न्यायात बसतं? पण न्याय कळला म्हणून छाती रिकामी व्हायची राहत नाही.

शीतलनं पोरीला गळ्याची आन घातली होती. "तिकडं बोलशील तर माहं मेलेलं तोंड पाह्यशील." हे बयनाबाईनं भिंतीपलीकडून ऐकलं होतं. मयूरीनं आन पाळली. हातपंपावर भेटली तर ओठ घट्ट मिटून खाली बघायची. एक शब्द नाही. आईचं दुखणं तिनं पाहिलं होतं. गळ्याची आन तिच्यासाठी खेळ नव्हता.

फक्त वेल ओढायची. ओढणं म्हणजे बोलणं नव्हे, असं तिच्या तिनंच ठरवलं असावं.

पहिल्यांदा वेल हलली तेव्हा बयनाबाईला वाटलं, फुलं तोडतेय. मग लक्षात आलं, ती बुडाशी भांडं वाजवते तेव्हाच वेल हलते. तेव्हापासून ती पाणी घालायला तांब्या मुद्दाम कौलावर आपटायची. वेल हलली की खोडावर तळवा ठेवायची, तापलेल्या लेकराच्या छातीवर ठेवावा तसा. उलट कधी ओढलं नाही. रानजाईचं खोड दिसायला दोरखंड, पण बुडाशी ते काडीसारखं ठिसूळ असतं.

शाळेत बतुकम्मा होती, फुलांचे थर रचून भोवती नाचायचा सण. फुलांची ताटं घेऊन यायचं पोरींना सांगितलं होतं. आदल्या दिवशी सकाळपासून वेल हलत होती. गुनुगू, तंगेडूची फुलं सगळ्यांकडेच; रानजाई मात्र मयूरीच्याच ताटात असणार होती. बयनाबाई बुडाशी बसून होती. फुलं तोडून झाली. वेल थांबली. मग वरून एक लांब, मऊ ओढ आली आणि तशीच राहिली. कोणी बोट धरून ठेवावं तशी.

बयनाबाईनं खोड मुठीत धरलं आणि हलकेच खाली ओढलं.

पलीकडे मयूरी हसली.

वर्षभरात ते हसू तिनं ऐकलं नव्हतं. वरून पुन्हा ओढ आली, खोडकर. बयनाबाईनं पुन्हा ओढलं. हसू वाढलं. ठिसूळ खोड, बुडाची माती, बारदाना, सगळं ती विसरली. पोरीनं दोन्ही हातांनी जोर लावला असेल. त्याच क्षणी हिनंही.

कट्.

आगकाडी मोडावी एवढाच आवाज.

पलीकडे हसू चालूच होतं. वरची वेल हलत होती, आणि बुडापासून सुटलेलं टोक भिंतीवर नुसतंच आपटत होतं. बयनाबाईनं ते धरलं, तुटल्या जागी जोडलं, पदराची चिंधी फाडून बांधलं, वर ओली माती थापली. चीक हाताला लागला, कातडी पोळली. असं जुळत नसतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती धरून बसली. वरून ओढ आली. तिला उत्तर देता येईना. अजून एकदा आली. मग पाय वाजले, आणि मयूरी घरात गेली.

"मूळ जित्तं हाये," उद्धवराव जवळ येऊन म्हणाले. "पावसाळ्यात फुटंल वापस."

"वेल फुटंल," बयनाबाई म्हणाली.

बतुकम्मेत मयूरीच्या ताटातली फुलं ताजीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवरची पानं काळवंडली.

"आई, वेल मेली," पलीकडून आवाज आला.

"बूड तिकडं हाये," शीतलचा आवाज. त्यात राग नव्हता, थकवा होता. "तोडली असंल. आपल्याकडं फुलते म्हनून."

बयनाबाई तांदूळ निवडत होती. ते वाक्य संपल्यावरही तिची बोटं ताटात फिरत राहिली, निवडलेलेच दाणे पुन्हा निवडत.

दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्याला कोणी दार लावत नाही, आणि थोरल्यांच्या घरी सोनं दिल्याशिवाय राहवतही नाही. दिवेलागणीला शीतल मयूरीला घेऊन आली. स्वतः उंबऱ्याबाहेर थांबली. पोरीला नवा फ्रॉक, हातात आपट्याची पानं. तिनं उद्धवरावांच्या हातात पानं दिली, पाया पडली. मग बयनाबाईसमोर उभी राहिली. एका वर्षात किती उंच झाली होती.

मागं वळून तिनं आईकडे पाहिलं. शीतलनं मान हलवली, आज बोल.

"मोठमाय," मयूरी म्हणाली. घरी शिकवून आणलेला शब्द, नीट उच्चारलेला. एरवी ती नुसतं माय म्हणायची. "वेल काऊन तोडली?"

उद्धवरावांनी तोंड उघडलं. बयनाबाईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं.

सांगणं सोपं होतं. तू वढली, मी वढली. पण उंबऱ्यावर शीतल होती, वर्षभर पोरीनं आन पाळली या समाधानात उभी. आणि पोर होती, जिला वाटलं असतं आपण आन मोडली, आता आईचं काय होईल. बयनाबाईनं पोळलेले हात पदराखाली घेतले.

"लई पसारा झाला होता, बाई," ती म्हणाली. "रोज पानं झाडून झाडून कंबर मोडली. टाकली तोडून."

मयूरी बघत राहिली. डोळे भरले नाहीत. काहीतरी पडताळून पाहावं तशी ती त्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि तिथं काही सापडेना तसे तिनं डोळे काढून घेतले. उरलेली पानं बयनाबाईच्या समोर पाटावर ठेवली. भर्रकन वाकली, पायाला हात लागला न लागला, आणि उठलीही. बयनाबाईनं आशीर्वादाला हात उचलेपर्यंत ती अंगणापलीकडच्या फाटकाशी पोचली होती.

हात तसाच हवेत राहिला.

शीतल उंबऱ्याआत आली. तिनं तो हात पाहिला. काय समजली, काय नाही, कोणास ठाऊक. पदर डोक्यावर ओढून ती खाली वाकली.

"पाया पडतो, ताई."

बयनाबाईनं हात तिच्या डोक्यावर टेकवला. केस विरळ झाले होते, खालचं डोकं कोमट होतं.

"सुखी राह्य," ती म्हणाली. "दूध घेत जाय. पोरीले तूच पाह्यजे."

फाटकातून मयूरीनं हाक मारली, "आई, चाल ना."

दोघींनीही तिकडे पाहिलं. मग शीतल उठली आणि गेली.