भट्टीपासून दोन हात

मित्रांनो, थांबा, लगेच बसू नका! आधी माझं ऐका. मी गोंदियाजवळच्या एका राईस मिलमधलं जुनं लोखंडी स्टूल आहे. माझा एक पाय तिरका आहे, पण कान अगदी शाबूत!

२००३ साली वेल्डरने मला मिलच्या भंगारातून जोडलं आणि बॉयलरच्या भट्टीपासून जेमतेम दोन हातांवर ठेवलं. इथे धान आधी उकडतात, मग वाळवून भरडतात, त्याचा उसना तांदूळ होतो. भट्टीत कोंडा टाकायचं काम ओमेश्वरचं. तोंडात तंबाखूचा खर्रा आणि बूड माझ्यावर, असे रोजचे दहा तास! सगळे त्याला भट्टीचा राजा म्हणत. म्हणजे मी सिंहासन! मला कोण ऐट!

दुपारी त्याची बायको भूमेश्वरी डबा घेऊन यायची. २०१० साली त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली, पण मूल नव्हतं. भूमेश्वरीची तपासणी तीनदा झाली, तिन्ही वेळा सगळं ठीक. तरी सासू सुशिलाबाईंनी ठरवून टाकलं होतं, की दिवाळी झाली की सुनेला माहेरी धाडायचं आणि ओमेश्वरचं दुसरं लग्न लावायचं.

कोंड्याची पोती वाहणारा नंदलाल रोज चिडवायचा, "काऊन बे राजा, राजकुमार कधी येते?" त्याची स्वतःची मुलगी कुंता मूल नाही म्हणून वर्षभरापासून माहेरी बसली होती. त्याबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नसे.

एके दुपारी भूमेश्वरीने डबा ठेवला आणि वाळत घातलेलं मूठभर उसनं धान उचलून आणलं.

"हे पेरलं तं उगवन का जी?"

ओमेश्वर हसला. "येडी झाली का? उकडलेलं धान कधी उगवते?"

"मंग नाही उगवलं तं दोष बांधीच्या मातीचा का?"

त्याचं हसू थांबलं.

"माही तपासणी तीनदा झाली. तुमची एकदा तं करा जी. मंग मी सोताच जातो माहेरी."

सुट्टीच्या दिवशी तो गुपचूप डॉक्टरकडे गेला. रिपोर्ट भूमेश्वरीने माझ्याशेजारी उभं राहून वाचला. शुक्राणू कमी, आणि होते तेही सुस्त.

डॉक्टरांनी सांगितलेलं ओमेश्वरच्या तोंडून ऐकून मला तर नवलच वाटलं! पुरुषाचे अंडकोष शरीराच्या बाहेर का असतात, ठाऊक आहे? शुक्राणू नीट तयार व्हायला शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो म्हणून! ओमेश्वरच्या तिथल्या शिरा फुगल्या होत्या, त्यानेही उष्णता वाढते. त्यात भट्टीची धग, त्यात खर्रा. दुसऱ्या कुणाचं कारण वेगळं असतं, जसं की हार्मोन्स, मोठेपणी झालेलं गालगुंड किंवा बंद झालेली नळी. कधीकधी तर कारण सापडतच नाही. पण तपासल्याशिवाय कळणार कसं? आणि मी? मी सिंहासन नव्हतेच, तापलेला तवा होते!

पुढच्या आठवड्यात सुशिलाबाई थेट मिलमध्ये आल्या. "आयतवारी पोरगी पाहाले जायचं हाय. पांढरा सदरा घाल."

ओमेश्वर माझ्यावरून उठला. "नाही जायचं, माय. कमी माह्यात हाय. भूमेश्वरीत नाही."

नंदलालच्या खांद्यावरचं पोतं खांद्यावरच राहिलं.

"हळू बोल ना रे!" सुशिलाबाई पुटपुटल्या.

"सात वर्षं तिले जोरात बोलली ना माय तू? मंग हेबी जोरातच आयक."

दुसऱ्या लग्नाचं नाव पुन्हा निघालं नाही. शिरांचं छोटं ऑपरेशन झालं. खर्रा तीनदा सुटला, दोनदा परत लागला. मला दाराजवळ वाऱ्याला ठेवलं, आणि ओमेश्वरने लांब दांड्याचं फावडं घेतलं. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणे. उन्हाळ्यातल्या रिपोर्टात आकडा दुप्पट झाला! डॉक्टर म्हणाले, आशा वाढली, खात्री नाही. भूमेश्वरी आता डबा घेऊन येते ती थांबतेच. ती माझ्यावर बसते, तो पोत्यावर, आणि दोघं बरोबर जेवतात.

नंदलालचं चिडवणं बंद झालं. आठ दिवस तो नुसता माझ्याभोवती घुटमळला. मग म्हणाला, "राजा, त्या डाक्टरचा पत्ता दे ना."

"काऊन बे?"

"माह्या जवायासाठी," नंदलाल खाली बघत म्हणाला. "कुंताले परत धाडाच्या आधी त्याले नेतो."

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्या घरी असा प्रश्न आला, तर तपासायला दोघांनीही जा आणि लवकर जा. एवढंच माझं मागणं. आता बसा हवं तर. पण मला पुन्हा भट्टीजवळ ओढू नका!